सिस्टरची आई

नाकाडोंगरी, ता. तुमसर
२ डिसेंबर

चि. दामिनी हिस,

तुझा फोन लागतो, पण तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्ता तुझ्या जुन्या मदर सुपीरिअरकडून घेतला. त्यांनी लगेच दिला. आवाजात राग नव्हता याचंच मला नवल वाटलं. 'दामिनी रायपूरला एका दवाखान्यात नर्स आहे, बरी आहे,' म्हणाल्या. तू कॉन्व्हेंट सोडलंस म्हणजे जणू एका शाळेतून दुसऱ्या शाळेत बदली झाली.

मी बरी आहे. धान घरात आलं. गुडघा थंडीत कुरकुरतो, तेवढंच. काल नाताळाआधीचा आगमनकाळ सुरू झाला. चर्चमध्ये पहिली जांभळी मेणबत्ती मीच लावली. फादर लुकस नवे आहेत, झारखंडचे. मिस्सा हिंदीत करतात आणि प्रवचन मोडक्या मराठीत. शाळेतून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी लोक मला मॅडमच म्हणतात, आणि रोझरी अजून मीच सांगते.

ऑक्टोबरात तू आलीस तेव्हा सगळं घाईत झालं. पुढच्या अंगणात बायका बसल्या होत्या म्हणून तुला मागच्या दारानं ये म्हटलं. आणि रविवारच्या आत निघावं लागलं ते गाडीची वेळ तशी होती म्हणून. तू मनात काही धरलं नसशील.

एक सांगायचं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर तुझा हिरव्या ड्रेसमधला फोटो आहे, तो काढता आला तर बघ. इथले लोक बघतात.

जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी आई


२९ डिसेंबर

चि. दामिनी,

पत्र मिळालं असेल. फोटो तसाच आहे.

नाताळ चांगला झाला. बाळ येशूची गव्हाणी पोरांनी धानाच्या तणसाची केली. तुझ्या हातच्या अनरशांची आठवण फादरपासून सगळ्यांनी काढली. फादरांनी तर तुला पाहिलेलंही नाही, पण त्यांच्यापर्यंत तुझी कीर्ती पोचली आहे.

आता कामाचं लिहिते. शेजारच्या केशरबाईची नात डिंपल आठवते ना, तुझ्या मागे मागे फिरायची ती. नोव्हेंबरात तिला ताप भरला, तो डोक्यात गेला. नागपूरला भरती केलं. पोरगी कोणाला ओळखेना. केशरबाई माझ्या ओट्यावर येऊन पडली. म्हणाली, "मॅडम, तुमच्या सिस्टरले सांगा ना. आमचे देव करून पाहिले, आता तुमच्या देवाले सांगा. सिस्टरचं आयकन तो."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? रडणाऱ्या बाईला सांगायचं का, की बाई, सिस्टर आता सिस्टर राहिली नाही?

पोरगी बरी झाली. चालते, बोलते, शाळेत जाते. नाताळच्या दिवशी केशरबाई चर्चमध्ये आली, सगळ्यांसमोर माझ्या पाया पडली आणि एक पांढरी साडी माझ्या हातात दिली, काठाला बारीक निळी रेघ असलेली. "सिस्टरले नेसू द्या," म्हणाली. साडी कपाटात आहे.

तिच्या पोराकडे, भुपेंद्रकडे, तुझा नंबर आहे. ती तुला फोन करणार म्हणते. तिचा फोन आला तर तू जास्त बोलू नकोस. फक्त 'हो काकू' म्हण. एवढंच. त्यात कोणाचं नुकसान नाही.

आई


६ फेब्रुवारी

दामिनी,

तुझं कार्ड मिळालं. इतक्या महिन्यांनी आईला लिहायचं आणि त्यात एकच ओळ. 'आई, तू अजून कोणालाच सांगितलं नाहीस का?'

नाही सांगितलं. काय सांगू? तुझ्या बाबांनी खाणीत दगड फोडले. ते गेले तेव्हा चर्चमध्ये आम्हाला शेवटच्या बाकावरही कोणी सरकून जागा देत नव्हतं. तू व्रतं घेतलीस आणि मी सिस्टरची आई झाले. लोक मला पुढे बसवू लागले. बिशप आले तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेतला. तुला हे सगळं क्षुल्लक वाटत असेल. तू म्हणालीस, 'आई, मले आतून कोनी बोलावून राहिलं नाही आता. खोटं खोटं किती दिवस राहू?' बोलावणं असं बंद पडतं का? ते काय मोबाईल आहे?

आणि लोक माझ्याकडे येतात ते मी बोलावलं म्हणून नाही. डिंपल बरी झाल्यापासून येतात. कोणाची परीक्षा, कोणाची सोयरीक. मी सगळ्यांना 'सांगते सिस्टरला' म्हणते. त्यांना आधार वाटतो, तोंडावर उजेड येतो. तू नर्स आहेस, तुला ठाऊक असेल, पेशंटला आधी धीरच लागतो.

मागच्या आठवड्यात रुखमा आली होती. आपल्या चर्चमधलीच, मागं दाराशी बसते ती. तिचा नवरा टिकाराम भंडाऱ्याला भरती आहे. पोटात पाणी झालं. तिलाही मी तेच सांगितलं. ती इतकी खूश झाली की मोहाच्या झाडापासून घरापर्यंत गाणं म्हणत गेली म्हणे.

आता यातलं पाप तू मला दाखव.

आई


९ मार्च

दामिनी,

टिकाराम गेला. उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी. बुधवारी सकाळी आम्ही कपाळाला राख लावून घेतली आणि दुपारी त्याला माती दिली. फादरांच्या बोटांवर सकाळची राख तशीच होती.

संध्याकाळी मी रुखमाकडे वरणभात घेऊन गेले. ती भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती. मला पाहून सरळ झाली आणि म्हणाली, "मॅडम, एक पुसू का?"

"विचार ना."

"सिस्टरले माह्या मालकाचं नाव बराबर सांगतलं होतं ना तुमी? टिकाराम? का तिले दुसरंच काही आयकू गेलं?"

मी म्हटलं, "बरोबर सांगितलं होतं."

माझ्या तोंडून ते इतक्या सहज निघालं. शाळेत हजेरी घेतल्यासारखं.

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "मंग माहंच पाप आडवं आलं असन. डिंपलचं आयकलं देवानं. माहं नाही आयकलं."

मी डबा ठेवला आणि निघाले. वाटेत माझ्या ध्यानात आलं ते तुला लिहिते. दुसऱ्या कोणाला लिहिण्यासारखं नाही. टिकारामसाठी कोणीच प्रार्थना केली नव्हती. तुला मी प्रार्थना कर म्हणून लिहिलंच नव्हतं. आणि मी स्वतः, दामिनी, मीही केली नव्हती. डिंपलसाठीसुद्धा नाही. मी फक्त 'सांगते' म्हणाले होते, आणि म्हटल्याबरोबर माझं काम संपलं होतं. रोज रोझरी सांगणारी बाई मी. एकाही मण्यावर त्या दोघांचं नाव घेतलं नाही.

घरी येऊन गुडघे टेकले. म्हटलं, आता तरी मागू. 'हे आमच्या बापा' सुरू केलं, ते आपोआप शेवटपर्यंत गेलं. 'प्रणाम मरिया' सुरू केलं, तेही गेलं. मग थांबले, म्हटलं, आता आपल्या शब्दांत. तर तोंडातून शब्दच फुटेना. देवासमोर मी अनोळखी माणसासारखी बसले होते. आत्तापर्यंत त्याच्याशी बोलले ते सगळं दुसऱ्यांनी लिहून दिलेलं.

तुझं ते 'आतून कोनी बोलावून राहिलं नाही' मी थट्टेवारी नेलं होतं. मला तर कधी बोलावणं ऐकूच आलं नव्हतं. नुसता घंटेचा आवाज यायचा आणि मी उठायचे.

आई


२२ मार्च

दामिनी,

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहिली नव्हती. लिहायला घेतली होती, पण हात थांबला. आज लिहिते.

त्या संध्याकाळी मी उठले तेव्हा रुखमा अजून एक बोलली होती. "भंडाऱ्याचे डॉक्टर म्हणे नागपूरले न्या. भुपेंद्र गाडी करून देतो म्हणत होता. मीच म्हटलं, सिस्टर प्रार्थना करून राहिली, पाहू दोन दिवस." ती हे दोष द्यायला बोलली नव्हती. आपण किती विश्वास ठेवला ते मला सांगत होती.

नागपूरला नेऊन तो वाचला असता का? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही, उशीर झालाच होता. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा मनात म्हणून पाहते. त्यानं काही हलकं होत नाही. तिनं गाडी थांबवली ती माझ्या शब्दावर.

काल शुक्रवार होता. उपवासकाळातले शुक्रवार म्हणजे क्रुसाची वाट, वधस्तंभाकडे चाललेल्या येशूची चौदा स्थानं, आणि ती वाचते मीच. पहिली तीन स्थानं वाचली. चौथं आलं, येशूला आई भेटते ते. मी ते लग्न होऊन या गावात आल्यापासून ऐकते, वाचते आहे. काल पहिली ओळ वाचली आणि पुढचं दिसेना.

पोरगा रस्त्यातून चालला आहे. अंगावर लोकांची थुंकी, पायात बळ नाही, सगळं गाव बघायला जमलेलं. आणि ती आई गर्दीतून पुढे येते. सगळ्यांच्या समोर. तोंडावर पदर घेत नाही. त्याला म्हणत नाही, की बाबा, असा नको येऊस, मागच्या दारानं ये.

अंगणात त्या दिवशी बायका नव्हत्या, दामिनी. कोणीच नव्हतं. फक्त कोणी येईल ही भीती होती. गाडीही रविवारी सकाळी होती, दुपारीही होती. रविवारच्या मिस्सेला तू माझ्या शेजारी साध्या कपड्यांत बसली असतीस, ते मला नको होतं. तू विचारलंस, 'आई, उद्या मिस्सेले येऊ ना तुह्यासंगं?' आणि मी म्हटलं, 'तुझी गाडी चुकेल.' तू माझ्याकडे पाहिलंस आणि पिशवी उचललीस. तू चहाही पुरता घेतला नव्हतास.

पुढचं वाचायला मी पुस्तक शेजारच्या बाईकडे दिलं. सगळ्यांना वाटलं, मॅडमला चक्कर आली. कोणीतरी पाणी आणलं.

सगळे गेल्यावर फादर लुकसकडे पापनिवेदनाला बसले. मी त्यांना शिकवल्यासारखं बोलते नेहमी, मराठी सुधारते त्यांची. काल मलाच वाक्य जुळवता येईना. सगळं सांगितलं, तुझं, डिंपलचं, टिकारामचं, गाडीचं.

फादरांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "मॅडम, सिस्टर झाली म्हणून देव जास्त ऐकतो, हे कोण शिकवलं तुम्हाला?"

मी म्हटलं, "सगळे तसंच मानतात."

"प्रार्थना म्हणजे वशिला नाही. साहेबाच्या ओळखीचा माणूस शोधायचा, तसं नाही. तुमचा पण बाप्तिस्मा झाला आहे ना? मग तुम्हीच का नाही मागितलं?"

"मला फक्त पाठ आहे, फादर. मागता येत नाही."

"पाठ वाईट नाही. मी पण थकलो की पाठच म्हणतो, तेच मला धरून ठेवतं. पण मन दुसरीकडे लोकांना दाखवायला बसलं असेल, तर ओठ काय करतील?" मग म्हणाले, "आणि मुलीचं पाप म्हणून काय सांगितलं तुम्ही? ते मी घेणार नाही. तिची व्रतं मुदतीची होती. मुदत संपली, तिनं वरिष्ठांशी बोलून, प्रार्थना करून नवी घेतली नाहीत. चर्चनं तिला दार उघडून दिलं आहे. तुम्ही कोणतं दार बंद करता?"

त्यांनी पापक्षमा दिली. मला वाटलं, प्रायश्चित्त म्हणून रोझऱ्या देतील, मी भरपूर म्हणून टाकीन. तर म्हणाले, "देवाची क्षमा आहे. पण खोटं जिथं सांगितलं, तिथं खरं सांगावं लागेल. ते तुमच्या जागी मी नाही करू शकत."

मी चर्चमधून निघाले आणि सरळ घरी आले. रुखमाचं घर वाटेवरच आहे. मी मान खाली घालून पुढे आले, हेही लिहून ठेवते.

आई


८ एप्रिल

प्रिय दामिनी,

सांगितलं.

आधी केशरबाईकडे गेले, ते सोपं वाटलं म्हणून. साडी सोबत नेली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग डिंपलसाठी कोन मागतलं?"

"कोणीच नाही. आम्ही तरी नाही."

"मी तं मागतलं होतं," ती म्हणाली. "डॉक्टरनं इलाज केला. पोरगी वाचली." साडी तिनं परत माझ्याकडे सरकवली. "देलेली वस्तू मी वापस घेत नाही. तुमच्या पोरीले द्या. नर्स आहे ना, पांढरी चालते तिले." मला जरा हसू येणार होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "पर मॅडम, मी तुमच्या पाया पडली. साऱ्या गावासमोर. तवा तरी बोलाचं होतं." तेव्हापासून ती चहाला आली नाही. डिंपलला पाठवते कधी वाटीभर साखर मागायला, स्वतः येत नाही.

मग रविवारी मिस्सेत, जो तो उभा राहून आपलं मागणं सांगतो त्या विश्वासूंच्या प्रार्थना सुरू झाल्या, तेव्हा मी उभी राहिले. कागदावर लिहून नेलं होतं, तो वाचला नाही. म्हटलं, 'माझी मुलगी दामिनी आता कॉन्व्हेंटमध्ये नाही. रायपूरला नर्स आहे. मी तुमच्याशी खोटं बोलले. तिच्यासाठी आणि माझ्यासाठी प्रार्थना करा.' क्षणभर कोणालाच समजेना काय करावं. मग मागून पोरासोरांनी सवयीनं 'हे प्रभु, हमारी प्रार्थना सुन' म्हटलं, आणि त्यांच्या पाठोपाठ मोठ्यांनी. बाहेर पडल्यावर बायका माझ्याशी चपलांबद्दल, उन्हाबद्दल बोलल्या. तुझ्याबद्दल एकीनंही विचारलं नाही. मी बसते तो बाक तोच आहे, पण त्यावर आता भरपूर जागा असते.

रुखमा त्या रविवारी आली नव्हती. म्हणून तिच्याकडे वेगळं जावं लागलं. मी दारात उभी राहूनच सांगितलं, आत बोलावलं तर मग सांगता येणार नाही असं वाटलं.

तिला आधी कळलंच नाही. "म्हंजे? सिस्टर प्रार्थना करत नव्हती?"

"तिला मी प्रार्थना करायला सांगितलंच नव्हतं."

"मंग मी कोनाच्या भरोशावर गाडी नको म्हटली?"

मी म्हटलं, "माझ्या."

ती उठली. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं माझा त्या दिवशीचा वरणभाताचा डबा आणला, घासून ठेवलेला, तो माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "जा तुमी." दार लावलं. मी सिमेंटच्या वाटेनं घरी आले, डबा हातात घेऊन, आणि प्रत्येक घरातून कोणीतरी माझ्याकडे बघत होतं. कदाचित कोणी बघतही नसेल.

हे झालं त्याला बरेच दिवस झाले. तुला कळवायचं नव्हतं, कारण मग ते पत्र म्हणजे 'बघ, मी केलं' असं झालं असतं. पण आज सकाळी झालं ते लिहायलाच हवं.

मोहफुलं पडताहेत सध्या. रुखमा पहाटेच जंगलात जाते. आज उन्हं वर आल्यावर ती टोपली घेऊन आली आणि माझ्या ओट्याशी थांबली. टोपली उतरवली. सगळा ओटा त्या वासानं भरला. मी पाणी आणलं, ते तिनं घेतलं नाही.

म्हणाली, "माफी बिफी मी करत नाही. ते सांगाले नाही आली."

"नको करू," मी म्हटलं.

"माह्या मालकासाठी तुमी मागणार होत्या. मागतलं नाही. आता मागा. माह्यासमोर मागा. मले आयकू द्या."

"आता?"

"फादर म्हणतात, मेलेल्यासाठीही मागता येते. का तेही खोटं आहे?"

"खरं आहे."

"मंग मागा."

मी गुडघे टेकायला गेले तर गुडघा मुडपेना. तशीच ओट्याच्या कडेला बसले. क्रूस केला. पाठ असलेलं सगळं ओठांवर येऊन उभं राहिलं, ते मी बाजूला सारलं. आणि दामिनी, जे निघालं ते पुस्तकाच्या भाषेत निघालं नाही. तुझ्या आजीशी बोलायचे त्या भाषेत निघालं.

"देवा, टिकाराम तुह्याकडं आला आहे. तो मेहनती होता. त्याले..." मी अडले.

"मोठ्यानं," रुखमा म्हणाली.

"त्याले तुह्याजवळ जागा दे. मी खोटी बोलली. त्याची भरपाई माह्यापाशी नाही. मी बोलली ते रुखमाच्या मत्थ्यावर नको मारू. तिचं पाप आडवं नाही आलं. मी आडवी आली. तिले हे समजू दे."

रुखमाचा श्वास ऐकू येत होता. मी 'आमेन' म्हटलं. तिनं म्हटलं नाही.

मग टोपलीवरचं फडकं सारखं करत ती म्हणाली, "आन तिचं?"

"कोणाचं?"

"पोरीचं तुमच्या. तिचं काहून नाही मागत?"

मी तुझं नाव घेतलं. नुसतं दामिनी. पुढे काय मागावं ते सुचेना. तू परत कॉन्व्हेंटमध्ये जावंस, असं आता मागावंसं वाटत नाही. तू माझ्याकडे यावंस असं मागायला तोंड नाही. मला आठवलं ते एवढंच, की तू त्या दिवशी उपाशी गेलीस. म्हटलं, "देवा, दामिनी कामावरून येते तवा तिच्यासाठी कोनी ताट झाकून ठेवते का, ते पाहा. नसन ठेवत, तं कोनाले तरी सांग."

रुखमानं टोपली डोक्यावर घेतली. "उद्या याच वक्ती येतो," म्हणाली. "उद्याही मागा."

ती गेली. पाण्याचा ग्लास तसाच भरलेला होता. तो मीच प्यायले.

आई